पेटीला ‘फिर’ कोण म्हणणार

चुडामणनं तोच हुकूम पुन्हा टाइप केला आणि पडद्यावर पुन्हा तेच दोन शब्द उमटले: परमिशन डिनाइड. हुकुमात चूक नव्हती. असती तर बरं झालं असतं, चूक दुरुस्त तरी करता येते. यंत्राला तो काय म्हणतोय ते नीट कळत होतं आणि ते त्याला तितक्याच नीटपणे विचारत होतं, की बाबा रे, हे सांगणारा तू कोण?

तिकडे स्टेशनच्या बाजूच्या दवाखान्यात त्याची बहीण लता रक्ताच्या थारोळ्यात पडली होती. लता अमळनेरला दिलेली. आठवा महिना चालू असूनही हट्टानं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती, कारण खानदेशात लेकीबाळी आखाजीला माहेरी येतात आणि जी येत नाही तिच्या माहेराला लोक विचारतात. सकाळी तिनं पितरांची घागर भरताना आईला हात दिला, निंबाच्या झोक्याला नुसतं धरून उभी राहिली, आणि सांजोरी तळता तळता खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी मूल काढलं. मुलगी झाली, जिवंत, चिमणीएवढी. पण लताचं रक्त थांबेना, आणि तिचा गट ओ निगेटिव्ह. जळगाव शहरात त्या गटाची बाटली नाही. धुळ्याला फोन केला, तिथंही नाही. चुडामणनं आपला हात पुढे केला, आईनं केला, शेजारच्या भागाबाईनंसुद्धा केला. कोणाचंच जुळलं नाही.

‘‘त्या गटाची माणसं शोधा,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘आणि लवकर शोधा.’’

माणसं कुठं आहेत हे साऱ्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक असेल तर ते चुडामणला. नावानिशी, गटानिशी, त्यानं स्वतःच्या बोटांनी ती टाइप केली होती. ती समोरच्या लोखंडी पेटीत होती आणि पेटी मुकी बसली होती.

आता ही पेटी काय भानगड आहे ते सांगायला हवं. केळी उत्पादक सोसायटीच्या कचेरीत दोन कॉम्प्युटर होते. एक सोसायटीच्या खोलीत, वॅगनी आणि वजनांसाठी. दुसरा भिंतीपलीकडे रक्तदाता मंडळाच्या खोलीत. मंडळही सोसायटीचंच, कारण दोन्हींचे अध्यक्ष एकच, असोद्याचे तोताराम नाना. दोन्ही यंत्रांची सगळी माहिती मात्र एकाच पेटीत राहायची, दोन सुनांनी एका कोठीतून दाणे काढावेत तशी. पेटीत तबकड्या होत्या आणि त्या फिरत असल्या तरच आतलं काही वाचता यायचं. वीज गेली की तबकड्या थांबत. वीज परत आली म्हणून आपोआप फिरत नसत. त्यांना एका यंत्रानं ‘फिर’ असा हुकूम द्यावा लागे. रोज सकाळी सोसायटीचं यंत्र सुरू होताना तो देई, त्यामुळे असा काही हुकूम असतो हे कोणाच्या गावीही नव्हतं.

पहिल्यांदा हा हुकूम कोणालाही देता येत असे. गावच्या विहिरीसारखा सगळा मोकळा कारभार. पण मंडळाच्या खोलीत बसणारे जीवराम आबा, सोसायटीचे जुने संचालक, दुपारी खुर्चीतच डुलकी काढायचे आणि पेटीची घरघर त्यांच्या झोपेत येई. चुडामण यंत्रासमोर काय टाइप करतो ते आबांनी पाहून ठेवलं होतं. एका दुपारी त्यांनी ‘फिर’च्या ऐवजी ‘थांब’ म्हटलं आणि शांत झोपले. पलीकडे फलाटावर केळीच्या वॅगनी उभ्या, वजनाच्या चिठ्ठ्या निघेनात, हमाल घडांवर बसून विड्या ओढतायत आणि सोसायटीचा मॅनेजर डोक्याला हात लावून. तबकड्या थांबवणारा घोरत होता. नाना त्या दिवशी एवढे ओरडले, की आबा पुढं आठवडाभर घरीच झोपले. नानांच्याच सांगण्यावरून चुडामणनं मग तो हक्क सगळ्यांकडून काढून घेतला. पेटीशी थेट बोलायचं ते फक्त रूटनं. ‘‘रूट म्हणजे कोन रे?’’ नानांनी विचारलं होतं. ‘‘मालक,’’ चुडामण म्हणाला होता. नानांना ते फार पटलं.

तीन वर्षं चुडामण मालकाचा पासवर्ड सांभाळत होता. पण तो मालक नव्हता आणि नोकरही नव्हता. नानांनी त्याला सालानं ठेवलं होतं. शेतावर सालदार ठेवतात तसं, आखाजी ते आखाजी. आखाजीला साल भरायचं, पटलं तर पुढचं ठरायचं, नाही पटलं तर गाठोडं उचलायचं. चुडामण बी.एस्सी. झालेला, पुण्याला जाऊन कोर्स करून आलेला. त्यानं यंदा नानांना म्हटलं, मला नेमणुकीचं पत्र द्या, मी काही वखर हाणत नाही. नाना हसले. ‘‘वखर काय आन् कळफलक काय, साल ते साल,’’ म्हणाले. बोलण्यातून बोलणं वाढलं. नानांचा भाचा बन्सीलाल धुळ्याला कॉम्प्युटर शिकला होताच. त्याला यंदाचं साल दिलं. तो आखाजीच्या दुसऱ्या दिवशी यायचा होता.

मग चुडामणनं काय केलं? त्यानं सगळं नीट सोपवलं. रागावलेला माणूस काम फार नीट करतो. आदल्या दिवशी सालदारानं विळा, दोर आणि कंदील मालकासमोर मांडून ठेवावा तसं त्यानं एकेक मांडलं. अडीअडचणीला यंत्र उघडणारी फ्लॉपी बन्सीलालच्या हवाली केली, ती तो धुळ्याला घेऊन गेला. स्वतःचं नाव यंत्रातून काढलं. मग नानांना खुर्चीत बसवून म्हणाला, ‘‘नवा पासवर्ड तुम्हीच टाका. कोणाला सांगू नका. मलाही नाही.’’ आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नानांनी एका बोटानं बराच वेळ खटखट केली. ‘‘झालं,’’ म्हणाले. चुडामणनं हात जोडले आणि मान ताठ ठेवून बाहेर पडला. त्याला वाटलं होतं, नाना हाक मारतील. नानांना वाटलं होतं, तो वळून पाहील.

आणि आज सकाळी वीज गेली. परत आली ती अशी भस्सकन, की सोसायटीच्या खोलीतल्या यंत्रातून धूर निघाला. वॉचमन सुपडूनं वेळेवर बटण बंद केलं म्हणून आग तेवढी टळली. मंडळाच्या खोलीतलं यंत्र शाबूत होतं. त्याला मंडळाच्या नावानं उघडता येत होतं, फक्त पेटीला ‘फिर’ म्हणता येत नव्हतं. ‘फिर’ म्हणायला मालक पाहिजे होता.

‘‘कागद नाहीत का रे कुठं? जुनी कार्डं?’’ चुडामणनं सुपडूला विचारलं, उत्तर माहीत असूनही.

‘‘रद्दीत दिली ना तुम्ही. म्हणे आता गरज नाही.’’

चुडामणनं बन्सीलालच्या घरी धुळ्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. आखाजीला घरात कोण बसतं? नानांचा असोद्याचा फोन एंगेज लागत होता, रिसीव्हर बाजूला पडलेला असणार. त्यानं सुपडूची लूना घेतली आणि असोद्याच्या रस्त्याला लागला.

ऊन असं, की डांबर चाकाला चिकटत होतं. दोन्ही बाजूंनी केळीचे बाग होते, पण रस्त्यावर सावली नव्हती. चुडामण लूनाला मधूनच पायडल मारत होता. त्यानं काही चाक लवकर फिरत नव्हतं, पण नुसतं बसवत नव्हतं. आखाजीला जुगार म्हणजे पाप नाही, हा खानदेशातला जुना कायदा. असोद्यात शिरला तर प्रत्येक ओट्यावर पत्ते. नानांच्या ओट्यावर तर सबंध पंचायत बसली होती.

‘‘ये चुडामण, ये!’’ नाना पत्त्यांतून मान वर न काढता म्हणाले. ‘‘बस अठी. एक डाव खेय.’’

‘‘नाना, पासवर्ड पाहिजे.’’

ओट्यावर हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, ‘‘पाहा, एका दिवसात पाय वळला.’’

‘‘काबरं?’’ नाना म्हणाले. ‘‘साल भरलं ना तुझं? आता जे काय हाये ते बन्सीलाल पाहीन. तूच म्हने ना, मले बी सांगू नका? मी शब्दाचा पक्का हाये.’’

त्यांना खरंच वाटलं, की पोरगा निमित्त काढून परत साल मागायला आलाय. एरवी त्यांनी त्याला दोन-चार टोमणे मारून, चहा पाजून ठेवूनही घेतलं असतं. त्यांच्या मनात तेच होतं. पण टोमणे मारायला वेळ लागतो.

चुडामणनं कालपर्यंत ताठ ठेवलेली मान खाली केली. सगळ्या ओट्यादेखत त्यानं नानांचे पाय धरले, आणि पुण्याला शिकून आलेली भाषा पुण्यालाच गेली.

‘‘मले सालानं ठेवा, नाना. फुकट ठेवा. वखर हाना म्हना, वखर हानतो. पन पह्यले चला. माही लता मराले लागली. तिले रक्त पाहिजे. ज्याइचं जुयते त्याइचे नावं त्या पेटीत हायेत आन् पेटी माह्यं ऐकत नाही.’’

नानांच्या हातातून पत्ते पडले. ‘‘आपली लता? अमळनेरची?’’ त्यांनी पुढं काही विचारलं नाही. टोपीही घेतली नाही. ‘‘आन् मंग फोन काबरं नाही केला, गाढवा?’’ एवढंच ओरडले, आणि घरात उलटा पडलेला रिसीव्हर पाहून आपल्याच नातवाला एक धपाटा घातला. त्यांची जीप पोरांनी लग्नाला नेली होती. अध्यक्ष साहेब लूनावर मागे बसले.

कचेरीत पोचले तेव्हा सुपडू दारातच उभा होता. दवाखान्यातून निरोप होता, की लवकर या. चुडामणनं नानांना खुर्चीत बसवलं आणि सवयीनं भिंतीकडे तोंड केलं. बहीण मरायला टेकलीय आणि हा रीत पाळतोय. पण माणसाचं शरीर त्याच्या दुःखाला विचारून वागत नाही.

मागे एका बोटाची खटखट झाली. मग पुन्हा खटखट.

‘‘नाही म्हनते रे हे.’’

‘‘सावकाश टाका, नाना.’’

पुन्हा खटखट. नानांच्या बोटाखाली एकेक कळ दोनदा दाबली जात होती. घामानं चष्मा नाकावरून घसरत होता. उभ्या आयुष्यात ज्यांच्या एका शब्दावर वॅगनी हलल्या, त्या माणसाला आपलाच शब्द धड मांडता येईना.

‘‘मरो ती रीत!’’ नाना ओरडले. ‘‘इकडे पाह्य. तू टाक. पाखऱ्या. माह्या बैलाचं नाव. पाखऱ्या.’’

चुडामणनं पाखऱ्या टाइप केलं आणि यंत्रानं मालकाला वाट करून दिली. त्यानं पेटीला हुकूम दिला. क्षणभर काही झालं नाही. त्या क्षणात त्यानं जेवढे देव आठवले तेवढे एरवी वर्षात आठवत नसे. मग पेटीतून खोल घरघर आली, चढत गेली आणि स्थिरावली. नानांनी दोन्ही हात जोडून पेटीला नमस्कार केला. सुपडूनंही केला.

‘‘ओ निगेटिव्ह,’’ चुडामण स्वतःशीच म्हणाला आणि यादी मागवली. पडद्यावर पाच नावं आली. त्याला रडूच फुटलं. पाच माणसं! लता वाचली. पाचांतलं एक तरी कुठं जाईल?

मग त्यानं पत्ते वाचले.

पहिला कॉलेजचा मुलगा, पत्ता वसतिगृहाचा. वसतिगृहाला उन्हाळ्याचं कुलूप. बाकीचे चार असे: अमक्याचा सालदार, जामनेर रोड. तमक्याचा सालदार, भादली. त्याच्या शेजारच्या मळेवाल्याचा सालदार. आणि शेवटचं नाव: लोटन, तोताराम नानांचा सालदार, असोदा.

असं का, ते चुडामणला चांगलं माहीत होतं. नानांच्या वाढदिवसाला दर वर्षी रक्तदान शिबिर व्हायचं. आकडा मोठा दिसला पाहिजे म्हणून प्रत्येक बागायतदार आपले सालदार ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवायचा. बागायतदारांची पोरं मांडवात हार आणि माईक सांभाळत. रक्त सालदारांचं, फोटो मालकांचा. माणसं रांगेनं यायची, चुडामण टाइप करायचा. नाव? लोटन. कोणाचा? नानांचा. गावाच्या रकान्यात तो मालकाचं गाव भरायचा आणि पुढच्याला बोलवायचा. स्वतः सालानं राहणं ज्याला एवढं लागलं, त्यानं एकाही सालदाराला कधी विचारलं नव्हतं, की बाबा, तुझं स्वतःचं गाव कोणतं?

आणि आज आखाजी. साऱ्या जिल्ह्यातल्या सालदारांचं साल आज भरलं होतं. आज सकाळपासून त्या पत्त्यांवर ती माणसं नव्हती.

‘‘लोटन कुठं आहे, नाना?’’

नाना पडद्याकडे पाहत राहिले. ‘‘सकायीच मोकया झाला. यंदा नाही राह्यला. म्हने दुसरीकडे जातो.’’

‘‘कोणाकडं?’’

‘‘नाही विचारलं.’’

‘‘त्याचं गाव कोणतं?’’

‘‘बारा वर्षं माह्याकडे होता,’’ नाना हळूच म्हणाले. ‘‘आपल्याच मयात राहे. गाव... असंन तिकडचं, धुयाकडचं.’’

चुडामणला वाटलं, हा टेबलावरचा पेपरवेट उचलावा आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या कपाळात घालावा. मग वाटलं, स्वतःच्या घालावा. दोन्ही करायला फुरसत नव्हती. त्यानं नानांच्या घरी फोन लावला. या वेळी लागला. नानांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी उचलला.

‘‘लोटन? दोंडाईच्याच्या अलीकडचा तो, शिंदखेड्याकडचा,’’ त्या भडाभडा बोलल्या, जशा कोणी विचारायचीच वाट पाहत होत्या. ‘‘त्याच्या बायकोचे, सुंदरबाईचे, भाऊ बी तठीच हायेत. मोठी पोर साहवीत गेली तिची. मी म्हनलं आखाजीचं जेवून जा, उपाशी नका जाऊ. जेवू घातलं, मंग गेले ते जयगाव स्टँडवर. बारकीला झोपवून निंघाले, तर आता गाडीत बसत असतीन. काबरं, काय व्हयलं?’’

चुडामणनं फोन ठेवलाही नाही, नानांच्या हातात दिला आणि पळाला.

स्टँडवर सगळा खानदेश गाठोडी घेऊन उभा होता. आखाजीला सालदारांची बिऱ्हाडं हलतात तेव्हा स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. खाटा, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या, पेंगुळलेली पोरं. चुडामण फलाटाफलाटावरून ‘‘लोटन! असोद्याचा लोटन!’’ ओरडत धावला. धुळ्याच्या गाडीचं इंजिन सुरू होतं. टपावर एक खाट बांधली होती आणि खिडकीतून एका काळ्या, उंच माणसानं डोकं बाहेर काढलं.

‘‘मी शे लोटन.’’

चुडामण खिडकीला लटकला. त्याला दम लागला होता, बोलता येईना. ‘‘नाना... नानांनी...’’

लोटनचा चेहरा पडला. तो मुकाट्यानं उठला, बाकाखालची पत्र्याची पेटी पुढे ओढली आणि तिची कडी काढली. ‘‘काई सापडत नही का घरमा?’’ तो म्हणाला. ‘‘दखी ल्या, भाऊ. बठ्ठं दखी ल्या. आम्हीन काई उचलं नही.’’ शेजारी बसलेली सुंदरबाई पोरीला छातीशी धरून रडायला लागली होती. गाडीतली माणसं वळून पाहत होती.

चुडामणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षं राबलेल्या माणसाला मालकाचं नाव ऐकून पहिला चोरीचा आळच आठवावा! त्यानं खिडकीतून हात घालून पेटीचं झाकण बंद केलं.

‘‘नाही हो, भाऊ. तसं नाही. माझी बहीण आहे. आखाजीला घरी आली, बाळंत झाली, रक्त थांबत नाही. तुमचं जुळतं. तुमचंच तेवढं जुळतं.’’

लोटननं एकदा बायकोकडे पाहिलं. ती डोळे पुसत म्हणाली, ‘‘आज संध्याकायले नवा मालककडे पोचनं शे. नही पोचनूत ते तो दुसरा माणूस धरी ली. मंग वरीसभर काय करनार?’’ ते खरंच होतं. आखाजीला संध्याकाळपर्यंत जो दारात उभा राहतो त्याचं साल.

‘‘धरू दे,’’ लोटन म्हणाला. ‘‘बहीण शे.’’ आणि कंडक्टरला म्हणाला, ‘‘खाट उतार रे भाऊ.’’

दवाखान्यात पोचले तेव्हा नाना कुठूनतरी जीप मिळवून आधीच आले होते आणि व्हरांड्यात उभे होते. लोटनला पाहून ते पुढे झाले. लोटननं सवयीनं त्यांना वाकून रामराम केला. त्याला आतल्या खोलीत नेलं. आधी थेंब घेऊन तपासायचा, लताच्या रक्ताशी जुळवायचा, मग बाटली. डॉक्टरीणबाईंची माणसं धावत होती. चुडामण लोटनच्या खाटेजवळ उभा राहून बाटलीत चढणारं रक्त पाहत होता. ‘लवकर’ म्हणायचाही त्याला धीर नव्हता. लोटन आढ्याकडे पाहत मूठ उघडझाप करत होता, सांगितल्यापेक्षा जोरात, म्हणजे लवकर भरेल.

बाटली भरली. नर्स ती घेऊन पळाली. चुडामण तिच्यामागे गेला, दारापर्यंत.

दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी नर्सच्या हातातली बाटली पाहिली आणि नुसती मान हलवली. आतून आईचा आवाज आला. रडण्याचा नव्हता तो. ती लताला हाका मारत होती, लहानपणी उन्हात खेळायला गेल्यावर मारायची तशा.

चुडामण भिंतीला टेकला. थोडं आधी. एवढंच त्याच्या डोक्यात होतं, थोडंच आधी. ओट्यावरचे ते टोमणे, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो तो वेळ, नानांना धडा शिकवायला म्हणून आपल्याच हातानं केलेला तो चोख कारभार. आपल्याच बहिणीच्या दारावर आपण कुलूप घातलं आणि मान ताठ ठेवून निघून गेलो. कोणी त्याला तिथं जोड्यानं मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

‘‘भाऊ.’’

लोटन दंडावर बोळा धरून व्हरांड्यात आला होता. मागे सुंदरबाई, पोरी, पत्र्याची पेटी. नाना जीपच्या ड्रायव्हरला सांगत होते, की यांना थेट शिंदखेड्याच्या पुढे, नव्या मालकाच्या दारात नेऊन सोड, वाटेत कुठं थांबू नको. त्यांचा आवाज मोडला होता. त्यांना आतलं कळलं होतं. लोटनला नव्हतं.

‘‘बहीण कशी शे?’’ लोटननं विचारलं.

चुडामणनं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस आपलं साल पणाला लावून उतरला होता. वर्षभर हा कोणाच्या तरी मळ्यात राबणार, रात्री बाजेवर पडला की आजचा दिवस आठवणार. त्याच्या पदरात आज काय घालायचं ते चुडामणच्या हातात होतं. एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

‘‘बरी शे,’’ तो म्हणाला. लोटनच्याच बोलीत म्हणाला.

‘‘आनि लेकरू?’’

‘‘पोर शे. ती बी बरी शे.’’

लोटनच्या तोंडभर हसू पसरलं. नानांनी खिशातून काहीतरी काढून पुढे केलं, ते त्यानं हातानंच मागे सारलं. ‘‘नको, नाना. मले सगी बहीण नही. दर आखाजीले लोके बहीणीसले लुगडं-चोळी देतस, मी नुसता दखस. यंदा मन्हा बी हातथून देवायनं.’’ मग चुडामणला म्हणाला, ‘‘तिले सांगज्या, भाऊनी आखाजी पोचनी.’’

‘‘सांगस,’’ चुडामण म्हणाला.

नानांनी तोंड फिरवलं. सुंदरबाईनं पोरींना जीपमध्ये चढवलं, पेटी आत सरकवली, खाट टपावर टाकली. लोटन पुढे ड्रायव्हरजवळ बसला आणि जीप हलताना त्यानं बोळा धरलेला हात तसाच वर करून दाखवला. चुडामणनंही हात वर केला. जीप फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत त्यानं चेहरा हसरा ठेवला. मग तो आत, आईकडे गेला.